आईचे सहस्रनाम आणि पाणिनीचे व्याकरण

आपण लिहिता की, आपली आई गेली तीस वर्षे रोज पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणते, तिचे उच्चार बऱ्याच ठिकाणी चुकतात, आणि कोथरूडमधल्या एका प्रवचनात ‘संस्कृत ही देववाणी आहे, अशुद्ध म्हटलेले स्तोत्र फळ तर देत नाहीच, उलट म्हणणाऱ्याला बाधते, व्याकरण हेच मोक्षाचे द्वार आहे’ असे ऐकल्यापासून तिने मोठ्याने म्हणणे बंद केले आहे. हे खरोखर शास्त्रात आहे का, आणि उपनिषदे आजवर मराठी भाषांतरातून वाचत आलेल्या आपल्यासारख्या पंचेचाळिशीच्या माणसाने आता व्याकरण शिकावे का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात अठ्ठावीस वर्षे पाणिनीय व्याकरण शिकवत आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे वारंवार आला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आईविषयी. प्रवचनकारांच्या दोन्ही विधानांना ग्रंथाधार आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती विधाने दोन निरनिराळ्या ग्रंथांतली, निरनिराळ्या प्रयोजनांची आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे एका भाविक बाईचा पाठ थांबला आहे. उच्चारदोषाने बाधा होते, या म्हणण्यामागे पतंजलींच्या महाभाष्यातला, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील त्यांच्या विवरणग्रंथातला, प्रसिद्ध श्लोक आहे : ‘दुष्टः शब्दः स्वरतो वर्णतो वा मिथ्याप्रयुक्तो न तमर्थमाह । स वाग्वज्रो यजमानं हिनस्ति यथेन्द्रशत्रुः स्वरतोऽपराधात् ॥’ त्यातली कथा अशी, की इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला आणि मंत्रात ‘इन्द्रशत्रु’ हा शब्द वापरला. शेवटचे अक्षर उदात्त, म्हणजे उंच स्वरात, उच्चारले असते, तर तो तत्पुरुष समास होऊन ‘इंद्राचा शत्रू, म्हणजे त्याला मारणारा’ असा अर्थ झाला असता. उच्चारात उदात्त स्वर पहिल्या अक्षरावर आला, त्यामुळे तो बहुव्रीहि ठरला आणि ‘ज्याला मारणारा इंद्र आहे तो’ असा अर्थ निघाला. वृत्र जन्मला, पण इंद्राच्या हातून मारला गेला.

आता या कथेची क्षेत्रमर्यादा पाहा. येथे वैदिक मंत्र आहे, तो यज्ञकर्मात वापरलेला आहे, अर्थ स्वरावर अवलंबून आहे, आणि चुकीचे फळ ज्याच्यासाठी कर्म चालले आहे त्या यजमानाला भोगावे लागते. विष्णुसहस्रनाम महाभारताच्या अनुशासनपर्वातले आहे. ते स्मृतिवाङ्मय आहे. त्याला उदात्त-अनुदात्त स्वर नाहीत आणि आपल्या आईच्या पाठात दुसऱ्या कोणाचा यज्ञही पणाला लागलेला नाही. तेव्हा ‘वाग्वज्रा’चा, म्हणजे यजमानावर उलटणाऱ्या वाणीरूपी वज्राचा, धाक तिथे लागू करणे हा त्या श्लोकाचा अतिव्याप्त वापर आहे.

एवढ्यावर न थांबता पतंजलींनी याच प्रकरणात, म्हणजे महाभाष्याच्या पस्पशाह्निक या पहिल्या भागात, दुसरी एक हकिगत सांगितली आहे, आणि ती प्रवचनांत क्वचितच ऐकू येते. ‘यर्वाणस्तर्वाण’ नावाचे ऋषी होते. धर्म त्यांना प्रत्यक्ष दिसत होता, जे जाणायचे ते त्यांनी जाणले होते. ‘आमचे जे व्हायचे ते होवो’ या अर्थाने ‘यद्वा नस्तद्वा नः’ असे म्हणायचे असताना ते ‘यर्वाणस्तर्वाणः’ असे म्हणत, आणि त्यावरूनच त्यांना ते नाव पडले. यज्ञकर्मात मात्र ते अपशब्द, म्हणजे व्याकरणाने अशुद्ध शब्द, उच्चारीत नसत. ज्ञानी पुरुषांच्या रोजच्या बोलण्यातली अशुद्धी पतंजलींनी लपवलेली नाही आणि तिच्यामुळे त्यांचे ज्ञान उणे झाले, असेही म्हटलेले नाही. महाभाष्यकारांनी ऋषींना दिलेली ही मुभा घरातल्या वृद्धेला नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्याकडे रूढ असलेला श्लोकही तेच सांगतो : ‘मूर्खो वदति विष्णाय बुधो वदति विष्णवे । उभयोस्तु समं पुण्यं भावग्राही जनार्दनः ॥’ विष्णु शब्द उकारान्त, म्हणून चतुर्थीचे रूप ‘विष्णवे’. ‘विष्णाय’ व्याकरणात चूकच आहे. तरीही पुण्य सारखेच आहे.

या विषयावर मी जरा आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. तिशीच्या आत असताना आमच्या वाड्यातल्या एका आजींना मी चारचौघांत अडवले होते. ‘सहस्त्र’ नव्हे, ‘सहस्र’. त्यात त् नाही. दुरुस्ती बरोबर होती. सहस्र शब्दात त् घालण्याची खोड महाराष्ट्रात लिहिण्या-बोलण्यात इतकी मुरली आहे, की छापील पुस्तकांवरही ती दिसते. पण त्या आजींनी त्यानंतर माझ्या कानावर पडेल असे स्तोत्र कधीही म्हटले नाही. हे माझ्या गुरुजींना कळले, तेव्हा त्यांनी मला काहीही न सुनावता महाभाष्यातला सारथ्याचा प्रसंग काढून वाचायला लावला. एक वैयाकरण विचारतो, ‘या रथाचा प्रवेता (हाकणारा) कोण?’ सारथी उत्तर देतो, ‘आयुष्मन्, मी या रथाचा प्राजिता.’ अर्थ तोच, रूप वेगळे. वैयाकरण म्हणतो, ‘अपशब्द!’ त्यावर सारथी सांगतो की, आपल्याला सूत्राची प्राप्ती, म्हणजे ते कोठे लागू पडते ते, कळते, पण इष्टी, म्हणजे लोकांना कोणते रूप मान्य आहे ते, कळत नाही. हे रूप इष्टच आहे. पतंजली स्वतः वैयाकरण असूनही त्यांनी या संवादात बरोबर ठरवले ते सारथ्याला. त्या आजींची क्षमा मागायला मी गेलो होतो. त्या हसून ‘बस’ म्हणाल्या, पण पाठ त्यांनी पुन्हा माझ्यासमोर केला नाही, आणि ते मला आजही बोचते.

याचा अर्थ शुद्धीला मोल नाही, असा कोणी घेऊ नये. ‘यद्यपि बहु नाधीषे तथापि पठ पुत्र व्याकरणम्’ हा श्लोक मी दर वर्षी पहिल्या दिवशी सांगतो, कारण त्याच्या उत्तरार्धात श आणि स यांच्या घोटाळ्याने काय होते ते स्पष्ट दिसते : स्वजन म्हणजे आप्त आणि श्वजन म्हणजे कुत्री, सकल म्हणजे संपूर्ण आणि शकल म्हणजे तुकडा, सकृत् म्हणजे एकदा आणि शकृत् म्हणजे शेण. आपण मराठी माणसे ज्ञ हा ‘द्न्य’ असा म्हणतो, उत्तरेत तो ‘ग्य’ होतो. ऋ आपल्याकडे ‘रु’ होतो, तिकडे ‘रि’. मूळ वर्ण दोन्हीकडे निसटला आहे. तो शिकावा, शिकवावा. परंतु अर्थ बदलणारा दोष आणि प्रदेशाच्या जिभेची वळणे यांत तारतम्य ठेवावे.

आता मूळ प्रश्न. व्याकरणाला पवित्र का म्हटले? याचे सर्वांत नेमके उत्तर मला पतंजलींच्या एका साध्या दृष्टान्तात सापडते. ज्याला घट हवा असतो तो कुंभाराच्या घरी जाऊन ‘घट करून दे’ म्हणतो. शब्द वापरायचे आहेत म्हणून वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द करून दे’ असे कोणी म्हणत नाही. शब्द, अर्थ आणि त्यांचा संबंध हे तिन्ही सिद्धच आहेत, हे कात्यायनांच्या पहिल्या वार्त्तिकाचे, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील त्यांच्या पूरक टिपांपैकी पहिलीचे, म्हणणे : ‘सिद्धे शब्दार्थसम्बन्धे’. मग शास्त्र काय करते? त्याच वार्त्तिकात पुढे उत्तर आहे : ‘शास्त्रेण धर्मनियमः’. गाय या अर्थी ‘गौः’ हा साधू, म्हणजे व्याकरणशुद्ध, शब्द. ‘गावी’, ‘गोणी’, ‘गोता’, ‘गोपोतलिका’ हे त्याचे अपभ्रंश पतंजलींनीच नोंदवले आहेत. त्यांनी अर्थ कळत नाही, असे पतंजली म्हणत नाहीत. अर्थबोध दोन्हींनी सारखाच होतो, हे ते स्पष्ट मान्य करतात. भूक कशानेही भागते, तरी काय खावे आणि काय खाऊ नये याचा नियम माणूस स्वतःला घालून घेतो, आणि तो पाळण्यात अभ्युदय आहे. तसाच साधू शब्दच वापरण्याचा हा नियम आहे. माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्या विषयाची किल्ली येथे आहे. संस्कृत शब्दाच्या ध्वनीत एखादी जादू भरली आहे, असा हा विचार नाही. बोलणे हे कर्म आहे, आणि कोणतेही कर्म जाणिवेने, नियमाने आणि ज्ञानपूर्वक केले की ते धर्म होते, असा तो विचार आहे. म्हणूनच ‘एकः शब्दः सम्यग्ज्ञातः’ या प्रसिद्ध वचनात नुसता उच्चारलेला शब्द कामधेनू होत नाही. तो नीट जाणलेला, शास्त्राने अन्वित आणि चांगला प्रयोजलेला असावा लागतो.

या विचाराला मोक्षापर्यंत नेले ते भर्तृहरी या वैयाकरण तत्त्वज्ञांनी, साधारण पाचव्या शतकात. त्यांच्या वाक्यपदीय या ग्रंथाचा पहिलाच श्लोक ‘अनादिनिधनं ब्रह्म शब्दतत्त्वं यदक्षरम्’ असा आहे : आदि-अंत नसलेले ब्रह्म हेच शब्दतत्त्व, आणि तेच अर्थरूपाने भासमान होऊन (विवर्त पावून) जगाची प्रक्रिया चालते. प्रवचनकारांचे ‘मोक्षाचे द्वार’ याच ग्रंथातले आहे, ‘तद् द्वारमपवर्गस्य वाङ्मलानां चिकित्सितम्’, म्हणजे ते मोक्षाचे द्वार आणि वाणीच्या मळांची चिकित्सा. यातला चिकित्सा हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढे भर्तृहरी म्हणतात की, शरीराचे मळ वैद्यकाने जातात, वाणीचे व्याकरणाने आणि बुद्धीचे अध्यात्मशास्त्राने. औषध आजाऱ्याला घाबरवण्यासाठी नसते. शिवाय भर्तृहरींचा युक्तिवाद संस्कृतापुरता मर्यादितही नाही. शब्दाचा धागा ज्यात ओवलेला नाही, असे कोणतेही ज्ञान या लोकात नाही, असे ते म्हणतात. आपण मराठीत विचार करत असलात, तरी हे विधान आपल्याला लागू पडते. वर्ण एकामागून एक येतात, पण अर्थ मनात एकदम प्रकटतो. त्या क्रमाकडून क्रमरहित तत्त्वाकडे चित्त वळवणे, ही त्यांनी सांगितलेली वाट आहे. व्याकरण तिथे द्वार आहे. दारातून आत जायचे असते. उंबरठ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे उच्चार मोजायचे नसतात.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘हिंदू तत्त्वज्ञान संस्कृताला पवित्र मानते’ हे वाक्य ऐकायला एकसंध वाटते, परंतु दर्शनांत याविषयी तीव्र मतभेद आहेत. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राचे अनुयायी, शब्द आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक मानतात. जैमिनींचा ‘औत्पत्तिक’ हा शब्द त्यासाठीच आहे. नैयायिकांच्या, म्हणजे तर्कशास्त्र मांडणाऱ्या न्यायदर्शनाच्या, मते शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. अमुक पदाने अमुक अर्थ कळावा, हा ईश्वराचा संकेत आहे. वैयाकरणांचा स्फोट, म्हणजे वर्णांपलीकडचा अखंड शब्द, शंकराचार्यांना मान्य नाही. ब्रह्मसूत्रांतल्या देवताधिकरण या प्रकरणावरील भाष्यात उपवर्ष या जुन्या आचार्यांचा हवाला देऊन ते वर्ण हेच शब्द, असे ठरवतात. आणि ज्या मीमांसेला वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले, तिनेच पिक, नेम, तामरस यांसारख्या वैदिक शब्दांचे अर्थ आर्यांत प्रसिद्ध नसतील, तर म्लेच्छांच्या वापरावरून घ्यावेत, असा निर्णय दिला. पावित्र्य म्हणजे कडेकोट बंदोबस्त, असे या मंडळींना वाटत नव्हते. ‘नित्य’ शब्दाचेही तसेच. येरवड्याला डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश चालू आहे. तिथे एकेका शब्दाचे अर्थ काळाबरोबर कसे सरकत गेले, हे नोंदवले जाते. विद्यार्थी विचारतात, मग शब्द नित्य कसा? पतंजलींनी नित्याचे दुसरे लक्षणही दिले आहे : ज्यात त्याचे तत्त्व नष्ट होत नाही, तेही नित्यच. नदीचे पाणी बदलते आणि नदी तीच राहते, तसे.

येथपर्यंतचे थोडक्यात असे, की उच्चारदोषाचे भय वैदिक कर्मापुरते आहे, व्याकरणाचे पावित्र्य जाणीवपूर्वक बोलण्याच्या नियमात आहे, आणि त्याला मोक्षद्वार म्हणणारे एक विशिष्ट दर्शन आहे. माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहात त्याला ‘पाणिनिदर्शन’ असे स्वतंत्र प्रकरण दिले.

आपल्या स्वतःच्या अभ्यासाविषयी. शिकावे की नाही, हे आपल्याला काय हवे आहे, यावर अवलंबून आहे. उपनिषदांतून मनाला बळ मिळावे, एवढेच हवे असेल, तर चांगले भाषांतर पुरते. त्यात कमीपणा नाही. परंतु आचार्य एकमेकांशी का भांडतात, हे समजून घ्यायचे असेल, तर व्याकरणाला पर्याय नाही. एकच उदाहरण देतो. तैत्तिरीय उपनिषदात अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि शेवटी ‘आनन्दमय’ आत्मा सांगितला आहे. भाषांतरात ‘आनंदमय’ हाच शब्द तसाच येतो आणि वाचक पुढे जातो. संस्कृतात मात्र तिथे ‘मयट्’ प्रत्यय आहे आणि पाणिनीने तो दोन वेगळ्या अर्थांनी सांगितला आहे : एक विकार, जसा मातीचा केलेला तो मृन्मय, दुसरा प्राचुर्य, म्हणजे विपुलता. विकार घेतला, तर आनंदमय हा आनंदापासून झालेला, म्हणून आणखी एक कोश ठरतो, आणि ब्रह्म त्याच्याही पलीकडे जाते. प्राचुर्य घेतले, तर आनंदाने ओतप्रोत असा आनंदमय हाच परमात्मा ठरतो. ब्रह्मसूत्रकारांनी या शंकेसाठी एक पूर्ण सूत्र खर्ची घातले आहे : ‘विकारशब्दान्नेति चेन्न प्राचुर्यात्’, म्हणजे शब्द विकारवाचक म्हणून नाही म्हणाल, तर तसे नाही, कारण येथे प्राचुर्याचा अर्थ आहे. रामानुजाचार्य प्राचुर्याच्या बाजूने ठाम उभे राहतात. शंकराचार्य सूत्राचा तसा अर्थ आधी लावून दाखवतात आणि मग म्हणतात की, अन्नमयापासून विज्ञानमयापर्यंत विकारार्थ चालत आला असता शेवटच्या एकाच ठिकाणी तो अर्धवट का सोडावा? परमतत्त्व सगुण आनंदरूप की निर्विशेष, म्हणजे सर्व गुणभेदांपलीकडचे, एवढा मोठा प्रश्न एका प्रत्ययाला टेकलेला आहे. छान्दोग्यातले ‘स आत्मा तत्त्वमसि’ घ्या. मध्वाचार्य तिथे ‘आत्मा अतत् त्वम् असि’ असा संधी सोडवतात आणि ‘ते तू आहेस’ याचे ‘ते तू नाहीस’ होते. दीर्घ आ-मध्ये अ लपू शकतो, हे ज्याला माहीत नाही, त्याला अद्वैत आणि द्वैत यांच्यातला हा वाद कोठून सुरू होतो, तेच दिसणार नाही.

नोकरी सांभाळून रोज पाऊण तास देणार असाल, तर पहिल्या वर्षी शब्दरूपे, धातुरूपे, संधी आणि गीतेचे श्लोक अन्वयासह, एवढेच करावे. दुसऱ्या वर्षी वरदराजांची लघुसिद्धान्तकौमुदी, म्हणजे पाणिनीच्या निवडक सूत्रांचे प्रवेशपुस्तक, घ्यावी. पाणिनीचा मूळ सूत्रग्रंथ, अष्टाध्यायी, क्रमाने पाठ करण्याचा मार्गही उत्तम आहे, पण सुमारे चार हजार सूत्रे पाठ करायला लहान वय बरे; पंचेचाळिशीत तो हट्ट धरणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या अध्यायाच्या आसपास थांबलेले मी पाहिले आहेत. महाभाष्याचे मराठी भाषांतर म. म. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी केलेले आहे, ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीने छापले. त्यातले पस्पशाह्निक आपण आजही, व्याकरण न शिकता, वाचू शकता. वर दिलेले कुंभार, ऋषी आणि गाय हे सगळे आपल्याला तिथे भेटतील. शिकताना चुका होतील. विहीर खणणारा आधी धुळीने आणि चिखलाने माखतो, आणि पाणी लागले की त्याच पाण्याने स्वच्छ होतो, हा दृष्टान्तही त्याच आह्निकात आहे.

एक ऋण मात्र स्वीकारले पाहिजे. सहा अंगांसह वेद शिकावा, हे वचन ब्राह्मणाला उद्देशून होते. स्त्रियांना आणि बहुसंख्य समाजाला हे दार शतकानुशतके बंद राहिले, आणि अशुद्ध उच्चाराचा धाक त्या बंद दाराची कडी म्हणून वापरला गेला. आपल्या आईच्या मनात जी भीती लगेच रुजली, तिची मुळे तिथवर जातात, असे मला वाटते. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाला वंदन करताना म्हटले, ‘हें शब्दब्रह्म अशेष । तेचि मूर्ति सुवेष । जेथ वर्णवपु निर्दोष । मिरवत असे ॥’ निर्दोष वर्णांचे शरीर असलेले शब्दब्रह्म त्यांनी मराठी ओवीत उभे केले, आणि ती ओवी म्हणायला कोणाची परवानगी लागली नाही.

तेव्हा आईला आज संध्याकाळी यर्वाणस्तर्वाण ऋषींची गोष्ट सांगा. मग सहस्रनामाचा पहिला श्लोक एकत्र घ्या, ‘विश्वं विष्णुर्वषट्कारो भूतभव्यभवत्प्रभुः’. शेवटचे लांबलचक पद बरेच जण मध्ये कुठेही तोडतात. त्यात भूत म्हणजे झालेले, भव्य म्हणजे होणारे, भवत् म्हणजे आत्ता असलेले, आणि या तिन्हींचा प्रभू, असा एकच समास आहे, एवढे तिला सांगा. उच्चार दुरुस्त करू नका. अर्थ कळला की पद कुठे जोडायचे, हे जिभेला बहुधा आपोआप समजते; वर्गात मी हे पुष्कळदा पाहिले आहे. उद्या पहाटे ती मोठ्याने म्हणू लागली, तर तिच्या शेजारी बसून ऐका.